कोणती फाइल किती दिवस? आधीच ठरवा!

वलगावहून अमरावतीला जाणाऱ्या बसमध्ये तुम्ही बसलेले आहात. इंटरव्ह्यूचा मेल आज येणार होता, पण येतच नाही! कारण काय, तर अकाउंट फुल्ल. गुगलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह, जीमेल आणि फोटोज या तिघांत मिळून असते. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअॅप बॅकअपही त्यातच मोजला जातो. ती भरली की नवे मेल येणं बंद. म्हणजे फर्स्ट इयरच्या गॅदरिंगचे व्हिडिओ तुमच्या नोकरीची वाट अडवून बसलेत, गड्या!

मग आपण रात्री बसून भराभर डिलीट मारतो. त्या घाईत एखादी मार्कशीटही उडते.

यावरचा जुना तोडगा तहसील कार्यालयात सापडतो. सरकारी कचेऱ्यांत ‘सहा गठ्ठा पद्धत’ असते. कागद सहा गठ्ठ्यांत लावतात; त्यातला एक रेकॉर्ड रूममध्ये पाठवायचा, एक नष्ट करायचा. शिवाय कागदाला वर्ग असतो : ‘अ’ म्हणजे कायम जपायचा, ‘ड’ म्हणजे वर्षभरानं नष्ट करायचा. कोणता कागद किती काळ ठेवायचा, हे जागा भरल्यावर नाही, आधीच ठरलेलं असतं.

क्लाउडमध्ये यालाच ‘लाइफसायकल रूल’ म्हणतात. कॉम्प्युटरवाल्यांनो, प्रोजेक्टसाठी अॅमेझॉनचं ‘एस-थ्री’ वापरत असाल तर हे कराच. ‘लॉग्ज’ने नाव सुरू होणाऱ्या फाइल ३० दिवसांनी काढून टाका, ‘रिपोर्ट’वाल्या ९० दिवसांनी अर्काइव्हमध्ये हलवा, असा नियम एकदा लिहिला की पुढचं काम आपोआप होतं. अर्काइव्ह म्हणजे माळ्यावरची पेटी : भाडं कमी, पण वस्तू लगेच हाती येत नाही. सगळ्यात स्वस्त ‘डीप अर्काइव्ह’मधून फाइल मागवली तर साधारण १२ तास लागू शकतात. आणि १८० दिवसांच्या आत ती काढून टाकली, तरी उरलेल्या दिवसांचे पैसे लागतातच. त्यामुळे उद्याच्या व्हायव्हाला लागणारी फाइल तिथं ठेवू नका.

आपल्या साध्या ड्राइव्हमध्ये असा नियम लावायचं बटण नाही. मग तीन फोल्डर करा : ‘कायम’, ‘डिग्री होईपर्यंत’ आणि ‘महिनाभर’. फाइल आली की तिथल्या तिथं योग्य फोल्डरमध्ये टाका. दर १ तारखेला मोबाइलवर रिमाइंडर लावा आणि ‘महिनाभर’ रिकामा करा. ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइल ३० दिवस राहते. चूक झालीच तर तेवढी मुदत हातात असते. मात्र ट्रॅशमधलंही जागेत मोजलं जातं, हे विसरू नका.

एक धोका मात्र ओळखा. गावोगाव झाडू घेऊन फिरणाऱ्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी आपल्या वलगावजवळ, पेढी नदीपाशी देह ठेवला. हातात झाडू असलेल्या माणसाला कचरा कोणता अन् कामाचा कागद कोणता, हे दिसतं. नियमाला फक्त नाव आणि तारीख कळते. चुकीच्या फोल्डरमध्ये पडलेलं जातवैधता प्रमाणपत्र तो जुन्या मीमसारखंच उडवेल.

म्हणून आज रात्री पुसायला बसू नका. आधी ‘कायम’ फोल्डर भरा : मार्कशीट, टीसी, डोमिसाइल, जातीचे दाखले. त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या. झाडू त्यानंतर!