एका बॅटरी मेकॅनिकचा दिवस

सकाळी 9.30
शटर वर केलं की आधी अंगठी आणि घड्याळ काढून गल्ल्यात ठेवतो. स्कूटरच्या पॅकमधून प्रचंड करंट सुटू शकतो. दोन टोकांमध्ये धातू अडकला, तर बोट भाजून निघतं. टेबलाखालची वाळूची बादली जागेवर आहे ना बघायचं, मग कामाला लागायचं.

10.30
डिलिव्हरीवाला पोरगा स्कूटर ढकलत आणतो. ‘दादा, 70 किलोमीटर जायची, आता 40 लाच मान टाकते. नवीन पॅक घ्या म्हणतात.’
पॅक उघडून मीटर लावतो. एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट सेलचे 16 ग्रुप ओळीनं जोडलेले. 15 ग्रुप 3.3 व्होल्टच्या आसपास, एक 2.5 ला. पंगतीत एकानं हात धुतला की सगळ्यांनी उठायचं, तसं हे. एक ग्रुप तळाला गेला की बीएमएस, म्हणजे पॅकवर नजर ठेवणारं सर्किट, सगळा पुरवठाच तोडतं. बाकीचे 15 ठणठणीत असून उपयोग नाही.

दुपारी 12
निकेलची पट्टी सोडवून खराब सेल काढतो. नवा सेल नुसता मापाचा असून भागत नाही. क्षमता आणि आतला रोध जुन्यांशी जुळला नाही, तर काही महिन्यांत तोच ग्रुप पुन्हा रुसतो. जोड स्पॉट वेल्डिंगनंच. सोल्डरची उष्णता सेलच्या आत उतरते.

1.30
डबा. शेजारचा मोबाईलवाला हटकून विचारतो, ‘ती सॉलिड-स्टेट कधी येणार हो?’ पेट घेणाऱ्या द्रवाऐवजी आत घन पदार्थ असलेली ही बॅटरी गाड्यांत आणायला टोयोटानं 2027-28 हे वर्ष सांगितलंय. मला उत्सुकता सोडियमची. इथं पुण्यातच केपीआयटी कंपनीनं आयसर या संस्थेच्या संशोधकांसोबत केलेलं सोडियम-आयन तंत्रज्ञान डिसेंबर 2023 मध्ये मांडलं. त्यात लिथियम नाही, आणि तांब्याच्या पत्र्याऐवजी ॲल्युमिनियम चालतं. मात्र सोडियमचा सेल 4 व्होल्टपासून पार 1.5 पर्यंत उतरतो. आजचे चार्जर आणि कंट्रोलर त्याला चालायचे नाहीत.

3.00
दुसरा पॅक. झाकण काढतो तर आत सगळीकडे घट्ट गोंद ओतलेला. धक्के आणि पाणी सोसावं म्हणून ओततात, हे कबूल. पण एक सेल काढायला गेलं की शेजारचे चार फाटतात. हात जोडून परत पाठवतो. चांगले सेलही भंगारात जाणार.

5.00
मोबाईलवाला फुगलेली बॅटरी घेऊन येतो. उष्णतेनं आतला द्रव विघटित होऊन वायू धरलाय. टोचायची नाही, दाबायची नाही; वाळूत ठेवून नोंदणीकृत रिसायकलरकडे. 2022 च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तरी गिऱ्हाईक त्या कचऱ्याच्या डब्यातच टाकतं.

संध्याकाळी 7.30
सकाळचा पॅक सगळे ग्रुप समान करून लोडवर तपासला. पोराला बजावतो, ‘उन्हातनं आल्या आल्या चार्जिंगला लावू नकोस. अर्धा तास निवू दे.’

उद्याची बॅटरी लिथियमची असो वा सोडियमची, त्यातला एखादा सेल आधी दगा देणारच. म्हणून गाडी घेताना नुसती रेंज विचारू नका. सेल कुठल्या जातीचे, आणि पॅक उघडून दुरुस्त होतो का, हेही विचारा. गिऱ्हाईक विचारायला लागलं, तरच कंपन्या गोंदाऐवजी स्क्रू वापरतील.