एकच घंटा, दोन बिऱ्हाडं

माळ्यावर किंवा संस्थेच्या ऑफिसात कोपऱ्यात, प्लास्टिकचं कव्हर घातलेला एखादा जुना कॉम्प्युटर तुमच्याकडेही असेल. २००१ साली एमएस-सीआयटी सुरू झाली, तेव्हा आपल्या जळगाव-धुळ्याच्या बायकाही संसार सांभाळून माऊस धरायला शिकल्या. ते शिकताना वापरलेली मशीनं आता कुणाला नकोशी झाली आहेत. पण भंगारात देण्याआधी त्यांच्या पोटात काय आहे ते एकदा बघा, असं मी अनुभवानं सांगते.

आमच्या महिला मंडळाचा शिवणवर्ग जळगावात बरीच वर्षं चालला. त्या वर्गात शिकलेली एक मुलगी आता धुळ्याला देवपुरात राहते. नवरा गेला, दोन लेकरं पदरात. एका संस्थेत शिवण शिकवायची नोकरी मिळत होती, पण वर्ग पूर्ण केल्याचा दाखला हवा होता. मंडळाचं कागदी रजिस्टर तर पावसात भिजून लगदा झालेलं. नोंदी राहिल्या होत्या त्या फक्त विंडोज ९५ च्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये.

‘फाइल काढून नव्या कॉम्प्युटरवर घ्या ना,’ असं कुणीही म्हणेल. पण त्या काळी प्रत्येक मराठी सॉफ्टवेअरचे फॉन्ट वेगळे. त्याच्याही आधी, डॉसच्या जमान्यात, पडद्यावर देवनागरी उमटवायला सी-डॅकचं ‘जिस्ट’ नावाचं वेगळं कार्डच मशीनमध्ये बसवावं लागे. सगळीकडे एकसारखं चालणारं युनिकोड मराठी विंडोजमध्ये आलं ते विंडोज २००० पासून. आमची फाइल नव्या मशीनवर उघडली तर नावांच्या जागी नुसती खिचडी! म्हणजे जुनं मशीनच चालू करणं भाग होतं.

दुकानात नेऊन धूळ साफ करून आणलं. सुरू झालं, पडदा आला, आणि मिनिटभरात माऊस जागच्या जागी गोठला. तीनदा बंद-चालू केलं, तेच. मंडळातल्या मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, हाई डबडं आते भंगारमा दी टाका!’’

पण कीबोर्ड चालत होता. म्हणजे मशीन मेलं नव्हतं. माझ्या भाच्यानं ‘स्टार्टिंग विंडोज ९५’ अशी अक्षरं येताच एफ-८ दाबून ‘सेफ मोड’ लावला. त्यात विंडोज अगदी गरजेपुरतं सामान घेऊन उठतं. तिथे माऊस झकास फिरला! म्हणजे माऊस धड, वायर धड. नंतर जागं होणारं दुसरंच कुणीतरी त्याला अडवत होतं.

ही अडवणूक समजायला सोपी आहे. माऊस, कीबोर्ड, फ्लॉपी यांना काही सांगायचं असलं की ते कॉम्प्युटरच्या मेंदूला घंटा वाजवून बोलावतात. तिला म्हणतात आयआरक्यू. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीत अशा ८ घंटा होत्या, १९८४ च्या एटी मॉडेलपासून १६ झाल्या. त्यांचे नंबर ० ते १५. त्यातली २ नंबरची घंटा दोन संच जोडण्यात खर्ची पडते. कीबोर्डची १, फ्लॉपीची ६, असं बरंचसं ठरलेलं. उरलेल्या घंटांत बाकीच्या कार्डांची सोय लावायची. वाड्यातल्या दोन बिऱ्हाडांना एकच घंटा असली की कुणाचा पाहुणा आला ते कळत नाही, तसंच इथे होतं.

जुना गोल पिनांचा नव्हे, तर नऊ छिद्रांच्या चपट्या प्लगचा माऊस बहुधा ‘कॉम १’ वर बसतो. त्याची घंटा ४. आणि ‘कॉम ३’ ची घंटासुद्धा ४! आमच्या मशीनमध्ये फोनलाइनचं मोडेम कार्ड होतं. सफाईत त्याच्यावरची जंपर नावाची बारीकशी टोपी निघाली असावी आणि चुकीच्या पिनांवर बसली. मोडेम गेलं ‘कॉम ३’ वर. विंडोज सुरू झालं की फॅक्सचा प्रोग्रॅम मोडेमला उठवायचा आणि माऊस मुका व्हायचा. भाच्यानं कीबोर्डवरूनच डिव्हाइस मॅनेजर उघडून घंटांची यादी काढली, तर ४ समोर दोन नावं!

शिवणवर्गाच्या रजिस्टरला मोडेम हवंय कशाला? मशीन बंद करून, प्लग काढून, ते कार्डच बाहेर काढलं. माऊस चालू, फाइल उघडली, आणि त्या मुलीचं नाव, वर्ष, परीक्षेचा निकाल सगळं समोर. छापून, अध्यक्षांची सही-शिक्का घेऊन दाखला धुळ्याच्या एसटीनं पाठवला. तिला नोकरी लागली.

तुमच्याकडे असं मशीन असेल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. उघडण्याआधी प्लग भिंतीतून काढा. जुना डबा मॉनिटर आणि पॉवर सप्लायची पेटी मात्र कधीच उघडू नका, बंद असतानाही आत वीज साठलेली असते. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा. जंपर हलवण्याआधी तो कुठे होता ते कागदावर लिहा किंवा मोबाइलवर फोटो घ्या. सगळी जास्तीची कार्डं काढून एकेक परत बसवा. ज्या कार्डानंतर बिघाड येईल, त्याच्यापाशी भांडणाचं मूळ. कार्डाची पिवळी टोकं खोडरबरानं हलकेच पुसली तरी पुष्कळदा काम होतं.

आजच्या मशीनमध्ये हे घंटांचं वाटप आपोआप होतं, त्यामुळे आपल्या मुलांना हा प्रकार ठाऊकही नाही. पण बचत गटांचे हिशेब, वर्गांची हजेरी, सभासदांच्या सह्यांच्या याद्या अजून अशा डब्यांत पडून आहेत. एखादीचा हक्क त्या ओळीवर अवलंबून असू शकतो. येत्या सुट्टीत घरातल्या शिकत्या मुला-मुलींना हाताशी धरा, नोंदी छापून घ्या, युनिकोड मराठीत परत टाइप करून ठेवा. मग ते डबडं खुशाल भंगारात द्या!