धाप, दम आणि छातीवरचा मुंजा

तेलगावकडून धारूरचा घाट चढताना एखादी जुनी जीप कण्हू लागली की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, "दम खाऊ द्या की जरा तिला." गाडीला फुप्फुसं नसतात, पण मराठीत दम तिलाही लागतो. पायी चढणाऱ्याला लागते ती धाप. शाळेत इंग्रजीच्या तासाला याच क्रियेला 'पँट' असा शब्द भेटतो आणि मागच्या बाकांवर खसखस पिकते.

अंगात घालायची पँट वेगळी. तिचं मूळ इटालियन नाटकातल्या पँतालोने नावाच्या म्हाताऱ्याच्या पायजम्यात आहे. धापेच्या पँटचं कूळ याहून विचित्र. ग्रीक 'फँटसिया' म्हणजे मनापुढं उभं राहिलेलं चित्र, आभास. त्यावरून लोकांच्या बोलण्यातल्या लॅटिनमध्ये वाईट स्वप्नानं घुसमटण्याचं क्रियापद झालं, ते जुन्या फ्रेंचमध्ये उतरलं आणि पंधराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत शेपूट गळून नुसतं 'पँट' उरलं, असा व्युत्पत्तिकारांचा कौल आहे. तेव्हा 'फँटसी' ही धापेची चुलत बहीण.

स्वप्नाचा आणि धापेचा संबंध आपल्याकडच्या आजीला सांगावा लागणार नाही. 'रात्री छातीवर कुणीतरी बसलं, ओरडावं तर आवाज फुटेना,' ही हकिगत गावोगाव ऐकू येते. कुणी ते मुंजाच्या माथी मारतं, कुणी हडळीच्या. खरा प्रकार असा की, स्वप्नाच्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल सोडतो. नाहीतर स्वप्नातल्या कुत्र्यामागे आपण अंथरुणातून पळालो असतो. चालू राहतात ते मुख्यतः डोळ्यांचे स्नायू आणि श्वासपटल. कधी जाग आधी येते आणि स्नायू मागाहून सुटतात. तेवढ्या वेळात मुद्दाम खोल श्वास घ्यायला जावं तर बरगड्या साथ देत नाहीत. श्वास चालूच असतो, फक्त तो आपलं ऐकत नाही. मुंजाचं वजन ते हेच.

घाटातली धाप निराळी. ऑक्सिजन कमी पडला म्हणून ती लागते अशी आपली समजूत असते, पण बालाघाटच्या उंचीवर निरोगी माणसाच्या रक्तातला ऑक्सिजन फारसा घटत नाही. मेंदूची जास्त नजर असते कार्बन डायऑक्साइडवर. शिवाय पायांना चालण्याचा हुकूम सुटला की श्वासालाही सोबतच वर्दी जाते. बसल्या जागी माणूस मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो, दर श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा. त्यातली सुमारे 150 मिलिलिटर नळ्यांमध्येच अडकते, रक्तापर्यंत पोचत नाही. श्वास जितका उथळ तितका हा तोटा मोठा. "बोलू नको, सावकाश श्वास घे," हा चढणीवरचा सल्ला म्हणूनच सोळा आणे खरा.

कुत्र्याला मात्र हाच तोटा हवा असतो. मिनिटाला 300 च्या आसपास उथळ श्वास घेत, जीभ काढून ते ल्हा ल्हा करतं, तेव्हा हवा वरच्या वरच फिरते, जिभेवरचं नि नाकातलं पाणी वाफ होऊन जातं आणि अंग निवतं. इंग्रजीनं दोन्हींना एकच शब्द वापरून घोळ केलाय, असं मला वाटतं.

घोळ आपणही केलाय म्हणा. फारसीत 'दम' म्हणजे श्वास; दमा, बेदम, एका दमात हे त्याचेच. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानानं धारूरचा किल्ला बांधला, पुढं मोगलांनी गावाला फतेहाबाद म्हटलं, त्यामुळं इथं फारसीची कचेरी पिढ्यान्‌पिढ्या नांदली. पण संस्कृतातही एक दम आहे, 'शमदम'मधला, आणि त्याचा अर्थ निग्रह, आवर घालणं. एकाच वेशात दोघं मराठीत वावरतात. मग पोराला 'दम देणारे' मास्तर त्याला श्वास देतात की आवर घालतात?

एव्हाना जीप घाटमाथ्यावर पोचलेली असते. ड्रायव्हर बॉनेट उघडतो, रेडिएटरची वाफ निवायची वाट बघत बाटली हातात धरून उभा राहतो. शेजारी दगडावर टेकलेली म्हातारी पदरानं वारा घेत म्हणते, "घ्या, तिचंबी झालं अन् माझंबी."