‘कॉप’मध्ये तांबं शोधू नका

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांच्या वह्यांत आणि मोबाइलवरच्या संदेशांत एक ‘फुल फॉर्म’ वर्षानुवर्षं फिरत असतो. पी म्हणजे पोलाइट, ओ म्हणजे ओबीडियंट, एल म्हणजे लॉयल... अशी सहा अक्षरांची सहा गुणांत वाटणी. गुण चांगलेच आहेत आणि ते पोलिसाच्या अंगी असावेतही. पण शब्द त्यांतून घडलेला नाही. इंग्रजीने ‘पोलीस’ फ्रेंचकडून घेतला आणि त्याचं मूळ ग्रीकमधल्या ‘पोलिस’ म्हणजे नगर या शब्दात आहे. ‘पॉलिटिक्स’ हे त्याचंच भावंड. अठराव्या शतकापर्यंत या शब्दाचा मुख्य अर्थ नगराची व्यवस्था, असा होता. गणवेशातली माणसं त्या अर्थात नंतर आली.

‘कॉप’चीही अशीच गत. कुणी सांगतं, ‘कॉन्स्टेबल ऑन पेट्रोल’ची आद्याक्षरं, कुणी सांगतं, जुन्या पोलिसांच्या कोटाला तांब्याची बटणं होती म्हणून ‘कॉपर’, आणि त्याचं लघुरूप ‘कॉप’. दोन्ही कहाण्या ऐकायला छान, पण मागाहून रचलेल्या. इंग्रजीत ‘कॉप’ हे क्रियापद अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतं आणि त्याचा अर्थ पकडणं, धरणं. पकडतो तो ‘कॉपर’. पोलिसाला उद्देशून हा शब्द 1840च्या दशकात छापून आलेला आहे, आणि पुढच्या काही वर्षांत त्याचं ‘कॉप’ झालं. आद्याक्षरं जोडून शब्द करण्याची सवय इंग्रजीत रुळली ती विसाव्या शतकात. त्यामुळे त्याआधीच्या कुठल्याही शब्दाचा ‘फुल फॉर्म’ कुणी सांगू लागलं, की आधी शंकाच घ्यावी.

‘बॉबी’चा उगम मात्र लोक सांगतात तोच आहे. 1829 साली गृहमंत्री रॉबर्ट पील यांनी लंडनचं महानगर पोलीस दल उभं केलं आणि रॉबर्टचं लाडकं रूप त्यांच्या शिपायांना चिकटलं. चूक होते ती ‘पीलर’च्या बाबतीत. हे नावही लंडनमध्येच जन्मलं असं समजतात, पण ते आयर्लंडचं आहे. पील 1814 मध्ये तिथे मुख्य सचिव होते, त्यांनी शांतता राखण्यासाठी एक दल काढलं आणि त्या दलाची माणसं ‘पीलर’ झाली. लंडनचं दल त्यानंतर पंधरा वर्षांनी आलं. उत्तर आयर्लंडमध्ये ‘पीलर’ आजही बोलण्यात आहे.

मग ‘शेरीफ’. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येतो घोड्यावरचा, छातीवर चांदणी लावलेला माणूस. तो खरा आहे, पण एकटा नाही. जुन्या इंग्लंडमध्ये ‘शायर’ म्हणजे परगणा आणि ‘रीव्ह’ म्हणजे कारभारी. हे दोन शब्द जोडून ‘शेरीफ’ झाला. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत तो काउंटीचा निवडून आलेला पोलीसप्रमुख असतो, स्कॉटलंडमध्ये न्यायाधीश, तर इंग्लंडमध्ये वर्षभरापुरता मानाचा पदाधिकारी. मुंबईचा शेरीफ, म्हणजे आपला नगरपाल, या शेवटच्या परंपरेतला. दिलीपकुमार आणि सुनील गावसकर यांनी ते पद भूषवलं. त्यांच्या हाती ना पोलीस ठाणं होतं, ना अटकेचा अधिकार.

आयुक्त हा अधीक्षकापेक्षा नेहमीच वरच्या दर्जाचा, हा आपल्याकडचा समज. पण आयुक्त ही पदाची खूण आहे, दर्जाची नाही. पुणे शहराला आयुक्त असतो, पुणे ग्रामीणला अधीक्षक. आणि आयुक्तालयातला उपायुक्त हा अधीक्षकाच्या बरोबरीचा. न्यूयॉर्कचा पोलीस कमिशनर तर गणवेशातला अधिकारीच नसतो. महापौर त्याची नेमणूक करतो आणि तो नागरी पदाधिकारी असतो.

सगळ्यांत अन्याय झालाय तो ‘कॉन्स्टेबल’वर. आपल्याकडे तो सगळ्यांत खालचा, म्हणून शब्दही हलका मानला जातो. उगम पाहा: लॅटिन ‘कोमेस स्ताबुली’, म्हणजे राजाच्या पागेचा प्रमुख. पागा म्हणजे घोडदळ, आणि घोडदळ म्हणजे सैन्याचा कणा, म्हणून फ्रान्समध्ये ‘कोनेताब्ल’ हा सैन्याचा सर्वोच्च सेनानी झाला. ते पद 1627 मध्ये रद्द झालं. इंग्लंडमध्ये हा शब्द गावागावांत उतरला, गावची शांतता राखणाऱ्या माणसाला मिळाला आणि तिथेच त्याला कायद्याचं वजन आलं. आजही इंग्लंड आणि वेल्समध्ये नवा भरती झालेला पोलीस कॉन्स्टेबल म्हणून शपथ घेतो. पुढे तो सार्जंट, इन्स्पेक्टर झाला तरी त्याच्या अटकेच्या अधिकाराचा पाया हे कॉन्स्टेबलपदच असतं. वरिष्ठाचा हुकूम हा त्या अधिकाराचा उगम नाही. आपल्या ‘शिपाई’ या फारसी शब्दाचा अर्थ मात्र सैनिक, आणि सैनिक हुकमावर चालतो. पील यांनी आपल्या माणसांना सैन्याचा लाल कोट टाळून निळा दिला, तोही याच फरकासाठी.

म्हणून लंडनबाहेरच्या एखाद्या ब्रिटिश पोलीस दलाच्या ‘चीफ कॉन्स्टेबल’विषयी मराठीत लिहायचं झालं, तर ‘मुख्य शिपाई’ किंवा ‘हेड कॉन्स्टेबल’ लिहू नये. तो त्या दलाचा प्रमुख असतो.