रविवारी बरं, सोमवारी धाप
सफाईकाम करणाऱ्या मावशींचा खोकला गावी गेल्यावर थांबतो, कामावर परतल्या की पुन्हा सुरू. हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं. कामामुळे जडणाऱ्या दम्याची ती मोठी खूण. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकाच बादलीत ओतलं की क्लोरीन वायू सुटतो. तो एकदाच भरपूर छातीत गेला तरी दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला पदर तो अडवत नाही. स्प्रेचे तुषारही थेट श्वासात जातात. तेच द्रावण फडक्यावर ओतून पुसलेलं बरं. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८मध्ये ६,२३५ जणांच्या सुमारे २० वर्षांच्या नोंदी मांडल्या. सफाई करणाऱ्या स्त्रियांची फुप्फुसांची क्षमता इतर स्त्रियांपेक्षा वेगाने घटली होती. यात फक्त स्वतःच्या घरची सफाई करणाऱ्याही आल्या!