दुधाचा दात आणि 'पडणारच आहे' हा युक्तिवाद

आम्ही तत्त्वज्ञानाचे, दातांचे डॉक्टर नव्हे. पण आरे वसाहतीतले, बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले पाडे घ्या, की पालघरकडची खेडी घ्या, मुलाची दाढ काळी पडली की घरचे म्हणतात, "दुधाचा दात आहे, पडणारच आहे." हा युक्तिवाद आज आपण तपासू.

आधी कीड म्हणजे काय ते बघा. ती अळी नव्हे. १८९० मध्ये मिलर यांनी मांडलं की तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात झिजवतं. गोड खाल्लं की साधारण अर्धा तास हे चालतं, मग लाळ सावरून घेते. म्हणून किती खाल्लं यापेक्षा कितीदा खाल्लं, हे महत्त्वाचं. जेवणातला लाडू एकदाच होतो. बिस्किटाचा पुडा दिवसभर पुरतो.

हे कळलं कसं? स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म संस्थेत, १९४० च्या दशकात, बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी खाऊ घातली गेली. त्यांची संमती घेतली नव्हती. दुसऱ्याच्या दुखण्यातून मिळालेलं हे ज्ञान वापरलंच नाही, तर तो दुसरा अन्याय ठरेल.

आता युक्तिवाद. दुधाची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत टिकते. तोवर मूल तिनंच जेवतं, आणि ठणकली तर झोप नाही, अभ्यास नाही. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास तिच्यामागे कायमची पहिली दाढ येते. ती कुठलाही दात न पाडता गुपचूप येते, म्हणून आपण तिलाही दुधाचीच समजतो. ती किडली की पुन्हा येत नाही! आणि पडणार आहे म्हणून सांभाळायचं नाही, हे निघतं कुठून? मंडळी, आपणही जाणारच आहोत की.

२०१३ मध्ये पालघरहूनच सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळेत दातही तपासतात. पण पुढं रुग्णालय गाठायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडते. तिला आळशी म्हणण्याआधी याचा विचार आपण करावा. घरी मात्र इतकं जमतं: मशेरी नको, फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, आणि रात्री घासल्यावर फक्त पाणी.