'एमडीसी'चं रिकामं बॅरल घरी आणताय? आधी हे वाचा

एमआयडीसीत औषध कंपन्यांत कामाला जाणाऱ्यांना 'एमडीसी' हे नाव नवं नाही. मिथिलीन डायक्लोराइड, म्हणजेच डायक्लोरोमिथेन. क्लोरीन असलेलं हे द्रावक दिसायला पाण्यासारखं, वासाला गोडसर. तेल, रंग, राळ असे पदार्थ ते चटकन विरघळवतं. म्हणून औषधनिर्मितीत, जुना रंग काढायला आणि ॲक्रिलिक शीट चिकटवायला ते वापरतात.

हे द्रावक अवघ्या ४० अंश सेल्सिअसला उकळतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा तेवढा सहज चढतो. त्यामुळे उन्हात ठेवलेल्या बंद बॅरलमध्ये दाब वाढतो आणि बूच उघडताच वाफ अंगावर येते. ही वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड. ती वर उडून जात नाही, टाकीच्या तळाशी, खड्ड्यात, बंद खोलीच्या जमिनीलगत साचते.

'वास आला की बाहेर पडू' हा हिशेब इथे चालत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये आठ तासांच्या पाळीसाठी हवेत दहा लाख भागांत २५ भाग ही मर्यादा ठरली. बहुतेकांना वास येतो तोवर प्रमाण त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. आधी चक्कर, डोकेदुखी, झिंग, मग बेशुद्धी. शरीरात गेल्यावर यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद घटते. बाहेर आल्यावरही हे काही तास चालूच राहतं. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी न जाता दवाखाना गाठावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे रसायन 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आहे.

तोंडाला रुमाल किंवा साधा मास्क बांधून उपयोग नाही. साध्या रबरी हातमोज्यांतूनही ते काही मिनिटांत आत झिरपतं. टाकीत उतरण्याआधी लेखी परवानगी किंवा श्वसन उपकरण आणि दोर बांधलेला पट्टा हवा, हे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ मध्येच सांगितलं होतं. आत कुणी पडला तर तसंच मागे उडी मारू नका. वाचवायला गेलेलाही तिथेच कोसळतो. आरडाओरडा करून माणसं बोलवा, १०८ ला फोन करा.

गावाकडचा धोका बॅरलचा. रिकामं दिसलं तरी तळाशी थोडं उरलेलं असतं. ते गॅस कटरने कापलं तर स्फोट होऊ शकतो. शिवाय उष्णतेने फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरलेला हाच वायू. त्याचा त्रास कधी कधी काही तासांनी सुरू होतो. असं बॅरल पाण्याला, धान्याला, जनावरांच्या पेंडीला वापरू नका. उरलेलं रसायन बांधावर किंवा ओढ्यात ओतू नका. ते पाण्याहून जड, जमिनीत मुरून विहिरीच्या झऱ्यापर्यंत जाऊ शकतं.

स्वस्तात मिळतंय म्हणून बॅरल उचलण्याआधी त्यावरचं लेबल वाचा. लेबल खरवडलेलं असेल, तर ते घेऊच नका.